लस, विश्वास आणि उद्याचे डॉक्टर

आपल्या समाजात आज घरोघरी एक इच्छा ऐकू येते, ती म्हणजे मुलाने किंवा मुलीने डॉक्टर व्हावे. त्यासाठी आईबाप पोटाला चिमटा काढतात, मुले रात्री जागवतात. ही इच्छा स्तुत्य आहे यात शंका नाही. परंतु डॉक्टर होणे म्हणजे केवळ जाडजूड पुस्तके पाठ करून परीक्षा उत्तीर्ण होणे नव्हे. एखादा नवा रोग समाजात शिरतो, लोक भयभीत होतात, त्यावर नवी लस निघते आणि ती आधी कोणावर तरी तपासून पाहावी लागते. अशा वेळी डॉक्टरने, किंवा डॉक्टरकीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याने, कसे वागावे? त्याला काय ठाऊक असावे? लोकांनी त्याच्यावर विश्वास का ठेवावा?

एचआयव्ही आणि एड्स या विषयाने हे प्रश्न आपल्यापुढे फार तीव्रतेने उभे केले आहेत. मी इतिहासाचा शिक्षक आहे, वैद्यकशास्त्राचा नव्हे. म्हणून या प्रश्नांकडे इतिहासाच्या वाटेने जाण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

एका विद्यार्थिनीचा शोध

एड्स या रोगाची पहिली नोंद अमेरिकेत जून १९८१ मध्ये झाली. त्यास कारणीभूत असणारा विषाणू १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञांनी शोधून काढला. त्या काळी आपल्याकडे अशी समजूत होती की हा पाश्चात्त्यांचा रोग आहे, तो आपल्या देशात येणार नाही. ही समजूत कोणी दूर केली? एका विद्यार्थिनीने.

मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सेल्लप्पन निर्मला यांना त्यांच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन यांनी प्रबंधासाठी हा विषय सुचविला. विषय नवा, साधने तुटपुंजी. शहरात या तपासणीची सोय नव्हती. निर्मलाबाईंनी सुधारगृहात ठेवलेल्या, देहविक्रयाच्या व्यवसायातील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, ते घरच्या फ्रिजमध्ये सांभाळले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये रात्रीच्या गाडीने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले. तेथे तपासणीत सहा नमुने दोषी निघाले. भारतात एचआयव्ही आहे, हे देशाला प्रथम कळले ते असे. त्यानंतरच सरकारी यंत्रणा हलली.

विद्यार्थी म्हणजे नुसता शिकणारा, त्याच्या हातून काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. परंतु याच हकिगतीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या स्त्रियांचे रक्त घेतले गेले त्यांना ते कोणत्या रोगाच्या तपासणीसाठी घेत आहेत हे सांगितलेले नव्हते. त्या अशिक्षित होत्या, सांगूनही त्यांना समजले नसते, असे त्या काळी मानले गेले. हेतू चांगला होता, फळही मोठे मिळाले. तरीही, ज्याच्या शरीरावर प्रयोग किंवा तपासणी व्हायची त्याला आधी विचारावे की नाही, हा प्रश्न उरतोच. आणि हा प्रश्न एचआयव्हीबरोबर जन्मलेला नाही. त्याचे एक मोठे प्रकरण आपल्याच मुंबईत, त्याच्या नव्वद वर्षे आधी घडले आहे.

मुंबईचा प्लेग आणि हाफकिनची लस

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ उद्भवली. हा प्लेगच आहे हे प्रथम ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्याचे, आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. शहर ओस पडू लागले. तेव्हा सरकारने वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञास कलकत्त्याहून बोलावून घेतले. हाफकिन १८६० साली ओडेसा येथे एका यहुदी कुटुंबात जन्मले; पुढे ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करीत होते. पटकीची लस तयार करून त्यांनी १८९२ साली ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. मुंबईत त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस सर्वप्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली, आणि तीही इतरांना द्यावयाच्या मात्रेपेक्षा मोठ्या मात्रेत. त्यांना ताप आला, वेदना झाल्या. काही दिवसांत ते बरे झाले. त्यानंतर शहरातील अनेक प्रतिष्ठित मंडळींनी स्वतः होऊन लस टोचून घेतली.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे दीडशेच्या वर कैद्यांनी लस टोचून घेतली. जवळजवळ तेवढेच कैदी न टोचता राहिले. एकाच छपराखाली, एकच अन्न खाणारे दोन गट. लस टोचून एक दिवस उलटल्यानंतर पाहता, टोचलेल्यांत रोग फारच कमी आणि न टोचलेल्यांत पुष्कळ अधिक झाला असे आढळले. शास्त्राच्या दृष्टीने हा पुरावा मोलाचा ठरला. कैद्यांनी लस स्वखुशीने घेतली असे नोंदीत आहे. पण ज्याच्या पायात बेडी आहे त्याच्या खुशीला किती अर्थ असतो, असा प्रश्न आजचा विचारी माणूस विचारील, आणि तो विचारणे योग्यच आहे.

सक्ती आणि समजूत

आता याच वर्षातील दुसरे चित्र पाहा. प्लेग रोखण्यासाठी सरकारने जे कायदे केले त्यान्वये घरात शिरणे, माणसे तपासणे, रोग्यास ओढून रुग्णालयात नेणे, सामान जाळणे असे प्रकार सुरू झाले. पुण्यात गोऱ्या सैनिकांनी घरांच्या झडत्या घेतल्या. त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँड याच्यावर गोळ्या झाडल्या, हे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. आणि ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका जुलाहा, म्हणजे विणकर मुस्लिम कुटुंबातील आजारी मुलीला तपासण्यास पथक आले, तेव्हा मोहल्ला उसळला. दंगल झाली, माणसे प्राणास मुकली. आपल्या पूर्वजांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु परक्या पुरुषांनी येऊन घरच्या मुलीला हात लावावा आणि कोणी काही समजावूनही सांगू नये, हे कोणत्या बापाला सहन झाले असते?

त्याच शहरात, त्याच रोगाच्या काळात, दुसरी एक गोष्ट घडली. खोजा इस्माइली जमातीचे प्रमुख तिसरे आगाखान, सुलतान महंमद शाह, हे तेव्हा अवघे एकोणीस-वीस वर्षांचे तरुण होते. त्यांच्या अनुयायांतही लशीविषयी भीती आणि अफवा होत्या. त्यांनी हाफकिन यांना कामासाठी आपली मोठी वास्तू विनामूल्य दिली. एवढेच करून ते थांबले नाहीत. त्यांनी लोकांसमक्ष स्वतःला लस टोचून घेतली आणि ही बातमी जमातीत सर्वत्र पोहोचेल अशी व्यवस्था केली. परिणाम असा झाला की जमातीतील हजारो लोक लस घेण्यास पुढे आले आणि त्यांच्यातील मृत्यू घटले.

एकीकडे दगड, दुसरीकडे रांग. रोग तोच, शहर तेच, भीतीही तीच. फरक होता तो विचारण्याच्या पद्धतीत, आणि विचारणारा स्वतः काय करतो यात.

मुलकोवालचा धडा

मात्र विश्वास एकदा मिळाला म्हणजे कायमचा मिळाला असे होत नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ लोकांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचले गेले होते. चौकशी होऊन दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. पुढे असे दिसून आले की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे ते निर्दोष ठरले. मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेस १९२५ साली हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. तीच ही आजची संस्था.

या प्रकरणात दोन धडे आहेत. एक चिमटा जमिनीवर पडतो आणि एकोणीस घरे उद्ध्वस्त होतात. म्हणजे वैद्यकात लहानसहान असे काही नसते. दुसरा धडा असा की अपघात झाल्यावर सत्य लगेच व उघडपणे शोधले नाही तर निरपराध माणूस भरडला जातो आणि लोकांची भीतीही जात नाही.

पुढील काळात जगाने याहून भयंकर गोष्टी पाहिल्या. नाझी डॉक्टरांनी बंदिवानांवर केलेल्या क्रूर प्रयोगांनंतर १९४७ साली न्यूरेंबर्गची संहिता आली. माणसाच्या स्वेच्छेने दिलेल्या संमतीवाचून त्याच्यावर प्रयोग करता येणार नाही, हे तिचे पहिलेच कलम. १९६४ साली हेलसिंकीचा जाहीरनामा आला. तरीही अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत शेकडो गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना उपदंशाच्या अभ्यासात फसवून ठेवण्यात आले. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही. या अन्यायाबद्दल अमेरिकेच्या अध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ साली. तेथील कृष्णवर्णीय समाज आजही नव्या लशीकडे संशयाने पाहत असेल, तर त्यामागे ही चाळीस वर्षे उभी आहेत.

एचआयव्हीच्या लशीचा शोध

या पार्श्वभूमीवर एचआयव्हीच्या लशीकडे वळू. १९८४ साली अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेक्लर यांनी सुमारे दोन वर्षांत लस चाचणीसाठी तयार होईल अशी आशा जाहीरपणे बोलून दाखविली. त्यास आता चाळीस वर्षे उलटून गेली. बाजारात मिळेल अशी एचआयव्हीची लस आजही नाही. याचे कारण शास्त्रज्ञांचा आळस नव्हे. हा विषाणू सतत रूप पालटतो, शरीराच्या पेशींच्या गाभ्यात दडून बसतो आणि शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशींवरच हल्ला चढवतो. चोर पहारेकऱ्याच्याच घरात राहू लागला तर त्याला पकडणार कोण?

आपल्या देशातील अशी पहिली चाचणी ७ फेब्रुवारी २००५ रोजी पुण्याजवळ भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत सुरू झाली. तीस निरोगी स्त्री-पुरुष स्वयंसेवक त्यात सहभागी झाले. लस सुरक्षित ठरली, पण शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण न झाल्याने ती पुढे नेली नाही. २००६ मध्ये चेन्नईत दुसऱ्या लशीची, आणि २००९ मध्ये पुणे व चेन्नई येथे मिळून तिसरी चाचणी झाली. थायलंडमध्ये १६ हजारांहून अधिक स्वयंसेवकांवर झालेल्या चाचणीचा निकाल २००९ साली लागला. त्यात सुमारे ३१ टक्के संरक्षण दिसले, पण ते वापरास पुरेसे नव्हते. दक्षिण आफ्रिकेतील मोठी चाचणी २०२० मध्ये आणि अनेक देशांतील आणखी एक चाचणी २०२३ मध्ये, लस गुणकारी नाही असे दिसताच थांबविण्यात आली.

याला अपयश म्हणावे काय? एका अर्थाने होय. परंतु या चाचण्यांत भाग घेणाऱ्या हजारो सामान्य माणसांनी आपले हात पुढे केले म्हणूनच कोणती वाट बंद आहे हे जगाला कळले. त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात येणार नाहीत.

विद्यार्थ्यांना काय ठाऊक असावे

वैद्यकीय विद्यार्थ्यांचे एचआयव्हीविषयीचे ज्ञान तपासणाऱ्या पाहण्या अनेक देशांत झाल्या आहेत. त्यांतून एक गोष्ट वारंवार दिसते. रोग कसा पसरतो हे बहुतेकांना पाठ असते; पण प्रत्यक्ष रुग्ण समोर आला की काहींचा हात मागे जातो. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुई आणि मातेकडून बाळाला, हे मार्ग परीक्षेत लिहिणारा विद्यार्थी त्याच रुग्णाच्या ताटलीला भितो. लशीच्या चाचणीविषयी विचारले तर लशीनेच एचआयव्ही होईल काय, दुष्परिणाम होतील काय, लोक काय म्हणतील, या शंका पुढे येतात.

यांतील पहिली शंका निराधार आहे. या लशींत जिवंत एचआयव्ही नसतो. विषाणूचे काही अंश किंवा त्यांची जनुके तेवढी असतात. त्यापासून एचआयव्ही होऊ शकत नाही. दुसरी शंका रास्त आहे, आणि पहिल्या टप्प्यातील चाचणी मुख्यतः लस सुरक्षित आहे की नाही हे पाहण्यासाठीच असते. तिसरी शंका तर पूर्णपणे खरी आहे. लस घेतलेल्या निरोगी माणसाच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात आणि नेहमीच्या तपासणीत तो बाधित नसतानाही बाधित असल्यासारखा दिसू शकतो. नोकरीच्या वेळी, परदेशी जाताना, लग्नाची बोलणी चालू असताना असा कागद हाती आला तर काय होईल, हे आपल्या समाजातील पालकांना सांगायला नको. म्हणून ही गोष्ट स्वयंसेवकाला आधी स्पष्ट सांगणे, त्याला ओळखपत्र देणे आणि खरा-खोटा संसर्ग ओळखणारी वेगळी तपासणी उपलब्ध ठेवणे हे चाचणी घेणाऱ्यांचे कर्तव्य ठरते.

विद्यार्थ्याला आणखीही काही ठाऊक हवे. बाधिताच्या रक्ताची सुई टोचली गेल्यास संसर्गाचा धोका सरासरी हजारात तीन एवढा असतो, आणि ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, औषध सुरू करून २८ दिवस घेतल्यास तोही पुष्कळ कमी होतो. नियमित औषध घेणारा बाधित माणूस दीर्घकाळ चांगले जीवन जगू शकतो. आपल्या देशात २०२३ च्या अंदाजानुसार सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला आहे. त्यानुसार समजून दिलेल्या संमतीवाचून तपासणी करता येत नाही आणि शिक्षण, नोकरी व उपचार यांत भेदभाव करता येत नाही. १९८६ साली मद्रासच्या त्या स्त्रियांना जो हक्क नव्हता, तो आज कायद्याने प्रत्येकास आहे.

आणि विद्यार्थी स्वतः स्वयंसेवक व्हावयाचा असेल तर? येथे भायखळ्याचा तुरुंग आठवावा. विद्यार्थ्याच्या पायात बेडी नसते हे खरे. पण गुण देणाऱ्या प्राध्यापकानेच विचारले तर नाही म्हणणे सोपे नसते. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा, वरिष्ठांच्या हाताखाली असणाऱ्यांना विशेष संरक्षण देण्यास सांगितले आहे. सर्व समजून घेऊन 'हो' म्हणणारा धन्य आहे. सर्व समजून घेऊन 'नाही' म्हणणाराही भित्रा ठरत नाही. न समजता दिलेला होकार आणि अफवेवरून दिलेला नकार, हे दोन्ही मात्र टाळले पाहिजेत.

समारोप

पालक बंधू-भगिनींनो, आपल्या मुलांना डॉक्टर करण्यासाठी आपण जो खर्च करतो त्यात शिकवणीची फी येते, पुस्तके येतात. पण ज्ञानाबरोबर विश्वास मिळविण्याची पात्रता यावी लागते, आणि तिचे शिक्षण घरातच सुरू होते. शेजारी कोणी अशा रोगाने आजारी असेल तर आपण त्याच्याविषयी काय बोलतो, हे मूल ऐकत असते. त्याच्या घरचा चहा आपण घेतो की टाळतो, हे ते पाहत असते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्या अंगावर पांढरा कोट येईल. कदाचित एचआयव्हीची लस तुमच्याच काळात निघेल. ती घेऊन तुम्ही एखाद्या मोहल्ल्यात जाल, तेव्हा लोक तुमची पदवी नंतर पाहतील. तुम्ही दार ढकलून आत येता की उंबऱ्याशी थांबून विचारता, हे ते आधी पाहतील. इतिहासाने दोन्ही प्रकारची माणसे आपल्याला दाखविली आहेत. त्यांपैकी कोणासारखे व्हायचे, ते तुम्ही ठरवायचे आहे.